रोलर एक, पाठी तीन

घरात नवी वस्तू आली की चार दिवस तिचे कौतुक होते, मग ती रोजच्या वापरात रुळते आणि तिला कधी पुसायचे असते हेच सगळे विसरतात. व्यायामाच्या फोम रोलरचे नेमके असेच झाले आहे. सुमारे 15 सेंटिमीटर जाडीचा आणि 30 ते 90 सेंटिमीटर लांबीचा हा हलका दंडगोल पूर्वी फिजिओथेरपीच्या खोलीत दिसायचा. आता तो अनेक घरांत पलंगाखाली किंवा दाराआड उभा असतो. त्यावर पोटरी, मांडी किंवा पाठ ठेवून सावकाश पुढे-मागे सरकले की आखडलेले अंग मोकळे वाटते. पण ज्याच्यावर आपण घामेजलेली उघडी कातडी घासतो, तो रोलर शेवटचा कधी धुतला? हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

उदाहरणादाखल तंजावूरच्या एखाद्या मराठी घराची कल्पना करा. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ते राज्य 1855 पर्यंत टिकले. त्या काळात गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे वंशज आजही तमिळनाडूत आहेत. याच दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आज आपण पाहतो त्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची घडी बसवली. तेव्हा घरातली नात नृत्य शिकत असली तर नवल नाही. कडक जमिनीवर तासभर पाय आपटून आली की ती पोटऱ्या रोलरवर घेते. दिवसभर संगणकासमोर बसलेली तिची आई रात्री त्याच रोलरवर पाठ टेकते. आणि आजी? शुक्रवारी अंगाला तिळाचे तेल चोळल्यावर तीही त्याच्यावर पाय ठेवून बसते. रोलर एक, पाठी तीन!

धोका कोणता?

घाम, तेल, कातडीचा सुटलेला कोंडा आणि जमिनीवरची धूळ यांचा मिळून रोलरवर एक चिकट थर बसतो. वास येतो तो याच थराचा. पण वासापेक्षा मोठी काळजी नायट्याची, म्हणजे गजकर्णाची. हा बुरशीचा रोग आहे. रोग्याच्या अंगाचा स्पर्श, टॉवेल, कपडे, अंथरूण यांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात तो फार चिवट झाला असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. औषध घेऊन बरा झालेला माणूस त्याच टॉवेलाशी आणि त्याच रोलरशी परत गेला, तर दुखणे पुन्हा उलटू शकते. घरात मधुमेहाचे कोणी असेल तर जास्तच जपावे, कारण त्यांना बुरशी लवकर धरते आणि जखम उशिरा भरते.

म्हणून पहिला नियम असा: आपण एकमेकांचा टॉवेल वापरत नाही, तसाच रोलरही उघड्या अंगाने एकमेकांचा वापरू नये. प्रत्येकाला वेगळा रोलर घेणे खर्चाचे आहे. पण जुन्या सुती चादरीचे नाडीचे तीन अभ्रे शिवणे सहज जमण्यासारखे आहे. ज्याचा त्याने आपला अभ्रा चढवावा, काम झाले की काढून धुण्यात टाकावा. ओळखण्यासाठी नाड्या वेगवेगळ्या रंगांच्या ठेवाव्यात.

आधी फोम ओळखा

सगळे फोम सारखे नसतात. रोलरवर चमचाभर पाणी टाका आणि पाच मिनिटे थांबा. थेंब तसेच वर राहिले, तर त्या फोमची छिद्रे बंद आहेत. बहुतेक चांगले रोलर असेच असतात. घाम आत शिरत नाही, त्यामुळे ते पुसून स्वच्छ होतात. पाणी आत जिरले तर फोम स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा आहे. तो कधीही भिजवू नये. नीट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि नेहमी अभ्रा घालूनच वापरावा.

आठवड्याची आंघोळ

रोजच्या वापरानंतर ओल्या फडक्याने एकदा पुसून घेतले की पुरे. आठवड्यातून एकदा मात्र साबण लावावा.

1. एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा भांड्यांचा सौम्य द्रवसाबण किंवा साधा शांपू मिसळा.
2. मऊ फडके त्यात बुडवून पिळा आणि रोलर गोल फिरवत सगळीकडून पुसा. खाचांमध्ये जुना मऊ टूथब्रश चालवा.
3. मधून पोकळ असलेल्या रोलरच्या दोन्ही टोकांकडून आत फडके फिरवा. बाहेरून चकचकीत आणि आत बुरशी, असे पुष्कळदा होते.
4. साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून साबण काढा. साबण राहिला तर रोलर चिकट होतो, अंगालाही खाज सुटते.
5. कोरड्या टॉवेलने टिपून घ्या.

तेलाचे डाग पाण्याने जात नाहीत, त्यांना साबणच हवा. तेल बरेच दिवस राहिले तर काही फोम फुगतात आणि पृष्ठभाग बुळबुळीत होतो. आजीला सांगावे, आधी रोलर, मग तेल! ते जमत नसेल तर तेल टिपून, अभ्रा घालून बसावे. शिकेकाईच्या पाण्याने केस छान होतात, पण फिक्या रंगाच्या फोमवर तपकिरी डाग पडतात. म्हणून येथे ती नको.

कढत पाणी, धुलाई यंत्र, तारेची घासणी, रॉकेल आणि थिनर यांपासून रोलर लांबच ठेवावा. ब्लीचनेही फोम ठिसूळ होतो. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया तर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

वाळवण्यात खरी कसोटी

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ओल असते. तंजावूरकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. दोन्हीकडे त्या दिवसांत काहीच धड वाळत नाही आणि बुरशीला तेच हवे असते. धुतलेला रोलर सावलीत, पंख्याखाली उभा करा. दोन-तीन तासांनी उलटा करा आणि रात्रभर तसाच राहू द्या. कडक उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नका, फोम मऊ पडून वाकडा होतो. ओला रोलर प्लास्टिकच्या पिशवीत घालणे ही तर सर्वांत वाईट सवय.

खाली अंथरायच्या चटईकडेही पाहा. तमिळनाडूत घरोघरी लव्हाळ्याच्या चटया असतात. दमट हवेत त्यांनाही बुरशी येते. रोलर धुवावा आणि काळे ठिपके पडलेल्या चटईवर ठेवावा, तर धुण्याचा उपयोग काय? उंबऱ्यापाशी कोलम काढत असतील तर तांदळाचे पीठ आणि वाळूचे कण आत येणार नाहीत याची काळजी घ्यावी. ते फोमला ओरखडे पाडतात आणि त्या ओरखड्यांत मळ बसतो.

सुगंध म्हणजे स्वच्छता नव्हे

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांच्या जुन्या पोथ्या आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल 1798 ते 1832) या संग्रहात मोलाची भर घातली. कीड लागू नये म्हणून वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर अशा पदार्थांची पूड पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची पद्धत तेथे आहे. ही युक्ती पोथीला ठीक, कारण पोथीवर कोणी घाम गाळत नाही. रोलरवर मात्र अत्तर शिंपडून किंवा कापूर चोळून फक्त वास झाकला जातो, मळ जागच्या जागी राहतो. पोथीपासून शिकायचे ते वेगळेच: कोरडी जागा, मोकळी हवा आणि ठरावीक दिवशी उघडून पाहण्याची शिस्त.

कोणाला नायटा झाला तर?

तो माणूस बरा होईपर्यंत त्याने सामाईक रोलर वापरू नये. हे सांगताना संकोच वाटतो, विशेषतः वडीलधाऱ्यांना. पण "तुम्हाला मनाई" असे न म्हणता "हा रोलर आता फक्त तुमचा" असे म्हटले की कोणी दुखावत नाही. अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात वेगळे धुऊन उन्हात वाळवावेत. बंद छिद्रांचा रोलर आधी साबणाने धुवावा, मग उत्पादकाच्या सूचनेत मनाई नसेल तर 70 टक्क्यांच्या स्पिरिटने पुसून हवेवर सुकू द्यावा. हे विस्तवाजवळ करू नये. मात्र स्पिरिटने बुरशीचे बीज पूर्ण मरेलच असा भरवसा धरू नये. उघड्या छिद्रांचा रोलर अशा वेळी टाकून देणेच शहाणपणाचे. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आपल्या मनाने आणून लावू नका. खाज थांबल्यासारखी वाटते आणि बुरशी आतल्या आत पसरते. डॉक्टरांना दाखवा आणि सांगितले तितके दिवस औषध पूर्ण करा.

निरोप केव्हा द्यावा?

महिन्यातून एकदा रोलर उजेडात नीट पाहा. मधोमध खळगा पडला असेल, फोमचे तुकडे सुटत असतील, भेगांत काळे ठिपके दिसत असतील किंवा धुऊनही वास जात नसेल, तर त्याचे काम संपले. पलंगाखाली ठेवताना त्यावर ट्रंका, गाद्या रचू नयेत. दाबाने पडलेला खळगा भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट. उघडी जखम, पुरळ किंवा फुगलेल्या शिरा यांवर रोलर फिरवू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

आठवड्याचा एक वार ठरवून टाका. ज्या दिवशी उशांचे अभ्रे बदलता, त्याच दिवशी रोलरही पुसा. पाच-दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते नातीकडे सोपवायलाही हरकत नाही. पोटऱ्या तिच्याच सर्वांत जास्त दुखतात!