दाराची आतली बाजू

वेर्णा, कुंडई, तुये यांसारख्या औद्योगिक वसाहतींतून किंवा पणजीच्या पाटो भागातील कार्यालयांतून आज कोणी फेरफटका मारला, तर कुलूप-किल्लीची जागा एका नव्या यंत्राने घेतल्याचे त्याच्या सहज ध्यानात येईल. दाराशेजारी भिंतीवर एक लहानशी काळी पेटी असते. तिच्यापुढे कोणी कार्ड धरतो, कोणी अंगठा टेकवतो, कोणी नुसता चेहरा दाखवतो. दिवा हिरवा होतो, खट्‌कन आवाज होतो आणि दार उघडते. रखवालदाराची वही आणि किल्ल्यांचा जुडगा इतिहासजमा होण्याच्या वाटेवर आहे.

या बदलाला आमचा विरोध नाही. किल्ली हरवली तर कुलूपच बदलावे लागते. कार्ड हरवले तर ते क्षणार्धात रद्द करता येते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाने किल्लीची नक्कल करून ठेवली आहे काय, ही चिंता उरत नाही. औषधांच्या कारखान्यातील घातक द्रव्यांच्या कोठारात किंवा पतसंस्थेच्या तिजोरीच्या खोलीत कोण केव्हा गेले, याची नोंद राहणे सर्वांच्याच हिताचे असते. प्रश्न यंत्र घ्यावे की नाही हा नसून ते निवडताना आपण काय विचारतो, हा आहे.

सर्वसाधारण अनुभव असा, की दरपत्रके मागवली जातात, विक्रेत्याचा प्रतिनिधी येतो आणि व्यवस्थापक त्याला विचारतात: किती माणसांचे चेहरे यात साठतात? किती क्षणांत ओळख पटते? उशिरा येणाऱ्याच्या पगारातील कपात आपोआप होईल काय? हे सारे प्रश्न दाराच्या बाहेरच्या बाजूचे आहेत. दारे लावण्याचा निर्णय घेणारे बाहेरून पाहतात. त्या दारांमागे आठ-आठ तासांची पाळी काढणारे आतून पाहतात. संकटसमयी आतला माणूस बाहेर कसा पडणार, आणि त्याच्या अंगठ्याची नोंद कोणाच्या ताब्यात राहणार, हे दोन प्रश्न दरपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. म्हणून ते विचारलेही जात नाहीत.

आपल्या जुन्या घरांची दारे आठवावीत. अडसर आणि कडी आतल्या अंगाला असत. ती घरात असणाऱ्याच्या हाती असत. कुलूप बाहेरून लागे, आणि ते लागे तेव्हा घरात कोणी नसे. माणूस आत असताना बाहेरून कुलूप घालणे याला आपल्या भाषेत कोंडणे म्हणतात. विजेच्या कुलपाने ही साधी व्यवस्था मोडली. आत माणसे काम करीत असतानाही ते लागलेले असते, आणि त्याची किल्ली आतल्याच्या हातीही नसते आणि बाहेरच्याच्याही. ती कुठल्यातरी खोलीतल्या संगणकात असते. येथे सोय आणि कोंडणे यांच्यामधली रेषा फार बारीक आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल या शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा १४६ कामगार प्राणास मुकले; त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते, कारण कामगारांनी माल चोरू नये आणि वेळेआधी निघून जाऊ नये, अशी मालकांना काळजी होती. एक शतक उलटले, तरी सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील एका कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक माणसे बंद दारांआड आणि गजांच्या खिडक्यांआड मेली. देश वेगळे, काळ वेगळा; चोरीच्या भयाने घातलेले कुलूप मात्र तेच.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या मूळ ३८ व्या कलमातच असे बजावले होते, की खोलीत कोणीही असताना बाहेर जाण्याचे दार आतून सहज आणि तत्काळ उघडता येणार नाही अशा रीतीने बंद करू नये. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही निर्गमनाचे दार आतल्या बाजूने किल्लीवाचून उघडले पाहिजे, असे सांगितले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांची जागा चार श्रमसंहितांनी घेतली. कायद्याची पोथी बदलली, तरी त्यातील हे तत्त्व बदलण्याजोगे नाही. अंगठा, कार्ड किंवा चेहरा ही किल्लीच होय, आणि बाहेर पडण्यासाठी ती मागणे हे या तत्त्वाला सोडून आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा बळी गेला. मृतांत बहुतेक तेथे राबणारे कर्मचारी होते. त्या दुर्घटनेचा विजेच्या कुलपाशी काही संबंध नव्हता, हे आम्ही स्पष्ट करतो. परंतु आग लागल्यावर ज्वाळांपेक्षा धूर आधी माणसाला गाठतो आणि बाहेरची वाट न सापडलेल्याला काही मिनिटांचाच अवधी मिळतो, हा धडा गोव्याला फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे. बैल गेला आणि झोपा केला, असे पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी त्याचे स्मरण.

आता यंत्राकडे वळू. विजेची कुलपे मुख्यतः दोन जातींची. एक वीज गेली की सुटणारे, दुसरे वीज गेली तरी लागलेलेच राहणारे. पहिल्या जातीतले चुंबकी कुलूप कार्यालयांतून सर्रास दिसते. सुमारे पावणेतीनशे किलोचा जोर ते सहन करते. म्हणजे एकट्यादुकट्याने कितीही धक्के मारले तरी दार हलत नाही. वीज गेली की ते सुटते, असे विक्रेता सांगतो आणि ते खरेच असते. पण आपल्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, म्हणून त्याला बॅटरी जोडलेली असते. मग आगीत इमारतीची वीज गेली तरी बॅटरी इमानेइतबारे दार धरून ठेवते! यास्तव धोक्याची घंटा वाजताच बॅटरीसकट कुलपाचा प्रवाह थेट तारेने तुटेल, अशी जोडणी असलीच पाहिजे. दाराजवळ काच फोडून दाबायची हिरवी पेटी हवी, आणि तिनेही संगणकाची परवानगी न विचारता प्रवाह तोडावा. कित्येक ठिकाणी बाहेर पडण्याचे बटण संगणकाला निरोप धाडते आणि संगणक दार उघडतो. संगणकच ठप्प झाला तर बटण दाबणाऱ्याने काय करायचे?

दुसऱ्या जातीचे कुलूप मुळातच वाईट आहे असेही नव्हे. दाराच्या आतल्या बाजूला साधी यांत्रिक मूठ किंवा ढकलताच उघडणारी आडवी दांडी असेल, तर बाहेरून दार बंद राहूनही आतला माणूस केव्हाही मोकळा असतो. चोरापासून संरक्षण आणि माणसाचा जीव या दोहोंचा मेळ यात उत्तम बसतो. ज्या दाराची आतली मूठ विजेवाचून चालते, ते दार आम्ही अधिक विश्वासाचे मानतो.

दार उघडण्याचा निर्णय दूरच्या शहरातील संगणकावर सोपवणे हाही नवा मोह आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा जगभर काही तास बंद पडली, तेव्हा त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांची प्रवेशपत्रेही चालेनाशी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही अवस्था, तर कुंडईच्या एखाद्या छोट्या कारखान्याने दूरध्वनीची तार तुटल्यावर काय करावे?

दुसरा प्रश्न नोंदीचा. कार्डांतही डावे-उजवे असते. १२५ किलोहर्ट्‌झवर चालणारी जुनी कार्डे आपला क्रमांक विचारणाऱ्या कोणालाही उघड सांगतात, आणि त्यांची नक्कल किरकोळ यंत्राने होते. मायफेअर क्लासिक या जगभर पसरलेल्या कार्डाचे सांकेतिक कुलूप नेदरलँड्‌समधील संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवले. तेव्हा स्वस्त कार्ड घेणे म्हणजे दारावर कुलपाचे चित्र काढण्यासारखे आहे. नव्या सांकेतिक पद्धतीची कार्डे थोडी महाग पडतात, पण ती तरी घ्यावीत.

कार्ड फुटले तर नवे देता येते, अंगठा मात्र नवा देता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये दक्षिण कोरियातील एका प्रसिद्ध कंपनीच्या प्रवेशनियंत्रण यंत्रणेतील दहा लाखांहून अधिक लोकांचे ठसे उघड्यावर पडलेले आढळले. त्या माणसांनी आता काय बदलावे? शिवाय गवंडीकाम करणारे, मासळी साफ करणाऱ्या स्त्रिया, रसायने हाताळणारे मजूर यांच्या बोटांवरील रेषा कामानेच झिजतात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत. जो अधिक राबतो त्यालाच दार अधिक वेळा नाकारले जाते, आणि त्या खोळंब्याची मिनिटे त्याच्याच पगारातून कापली जातात, हा न्याय नव्हे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य बंधने अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. माहिती सुरक्षित न राखणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची सोय त्यात आहे. पण नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती संमतीवाचून वापरण्याची मुभाही मालकाला त्याच कायद्याने दिली आहे. ही मुभा म्हणजे कोरा धनादेश समजू नये. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कंपनीला दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी चालणारा चेहऱ्यांचा व ठशांचा वापर थांबवण्याचा आदेश दिला. कार्डासारखा साधा उपाय उपलब्ध असताना एवढी खोल माहिती घेण्याची गरज काय, असा त्यामागचा सवाल होता. तो सवाल आपल्याकडेही विचारला गेला पाहिजे. तिजोरीच्या खोलीला अंगठा मागावा. उपाहारगृहाच्या दाराला तो कशाला?

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली, ती बोलण्याच्या आणि सभा घेण्याच्या मोकळिकीसाठी. कारखान्याच्या दारावरील पेटीची त्या काळच्या राजवटीशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि परवानगीचे जिणे काय असते, हे ज्या भूमीने अनुभवले आहे, तिने नोंद ठेवणारा आणि नोंदला जाणारा यांच्यातील अंतराकडे डोळेझाक करू नये. कोण किती वेळा प्रसाधनगृहात गेले, कोण कामगार संघटनेच्या प्रतिनिधीशी बोलायला थांबले, हे सारे दाराच्या नोंदीतून वाचता येते. नोंद कशासाठी, किती दिवस आणि कोण पाहणार, हे यंत्र बसवण्यापूर्वीच लेखी ठरावे आणि ते कामगारांना त्यांच्या भाषेत सांगावे. त्या नोंदीचा एक उत्तम उपयोगही आहे. आगीच्या वेळी आत नेमके कोण राहिले, हे तीच सांगू शकते. पण त्यासाठी ती यादी जळत्या इमारतीबाहेर कोणाच्यातरी हाती असायला हवी.

राज्याच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाने आणि कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाने तपासणीच्या वेळी या दारांची आतली बाजू पाहावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. खाऱ्या हवेने येथे लोखंड गंजते, तारांच्या टोकांना हिरवा थर चढतो. पहिल्या वर्षी सुटणारे कुलूप चौथ्या वर्षी सुटेलच असे नाही. म्हणून वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष परीक्षा व्हावी. कामगार संघटनांनीही पगाराच्या मागण्यांबरोबर हा विषय वाटाघाटींच्या मेजावर आणावा.

यंत्र निवडणाऱ्या मालकांना मात्र आम्ही एकच कसोटी सुचवतो. तिला खर्च नाही. पैसे चुकते करण्यापूर्वी एका संध्याकाळी मुख्य स्विच बंद करावा, धोक्याची घंटा वाजवावी, आणि कालच कामावर रुजू झालेल्या कामगाराला आत उभे करून म्हणावे, “बाबा, आता बाहेर येऊन दाखव.” त्याने कोणालाही न विचारता, काहीही न शोधता दार उघडले, तर यंत्र घ्यावे. तो दाराशी अडखळला, तर विक्रेत्याला सामानासह परत पाठवावे.