मंत्र्याच्या शब्दाची थकबाकी



सरकारची ठरावीक वाक्यं असतात. ‘तपासून पाहू.’ ‘माहिती मागवली आहे.’ ‘प्रस्ताव विचाराधीन आहे.’ ‘लवकरच निर्णय घेऊ.’ मोर्चा घेऊन जा, हीच ऐकायला मिळतील. निवेदन द्या, हीच. आमदार-खासदारानं भर सभागृहात उभं राहून विचारलं तरी हीच. फरक एवढाच की मोर्च्यापुढं बोललेलं वाऱ्यावर जातं आणि सभागृहात बोललेलं कागदावर चढतं. या फरकाबद्दल मला बोलायचंय. कारण आपली पोरं मोर्च्यात तरबेज झालीत, पण कागदाच्या बाबतीत अजून भोळी आहेत. आणि आपलं पाणी नेमकं कागदात मुरवलं गेलंय.

दिल्लीत लोकसभेची एक समिती आहे. सरकारी आश्वासन समिती. दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असताना, १ डिसेंबर १९५३ रोजी ती नेमली गेली. त्याआधी काय होतं? मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द पाळला की खाल्ला, हे ज्यानं प्रश्न विचारला त्यानंच बघत बसायचं. त्यानं पाठपुरावा सोडला की शब्द मेला. समितीनं ते काम अंगावर घेतलं. पंधरा सदस्य. मंत्र्याला तिथं बसता येत नाही. कोणती वाक्यं उच्चारली की ते आश्वासन धरायचं याची चक्क यादी केलेली आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी त्यात लक्ष घालीन’, ‘चौकशी चालू आहे’ ही सगळी त्या यादीत बसतात. म्हणजे मंत्री जी वाक्यं सुटका करून घ्यायला वापरतो, त्याच वाक्यांचा तिथं फास होतो. शब्द दिल्यापासून तीन महिन्यांत तो पुरा करायचा आणि पुरा केल्याचं सभागृहाच्या पटलावर ठेवायचं, असा नियम. १९७२ साली राज्यसभेनंही अशी समिती नेमली. आपल्या विधानसभेत आणि विधानपरिषदेतही आश्वासन समित्या आहेत.

ऐकायला झकास आहे. आता आमच्याकडं या, म्हणजे शब्दांची थकबाकी किती चढलीय ते कळेल.

मी मुरुडचा. रायगड जिल्ह्यातलं, समुद्रावरचं मुरुड. समोर जंजिरा उभा. त्या किल्ल्यात भर समुद्रात गोड्या पाण्याची तळी आहेत. सिद्दीच्या कारागिरांनी खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी राखलं. पुढं नवाबानं गारंबीच्या डोंगरात पाणी अडवून मुरुड शहरात आणलं. आमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आणि एप्रिल संपता संपता आमच्या बौद्धवाडीची विहीर तळाला लागते. मग बायका कळश्या मांडून टँकरची वाट बघत बसतात. संस्थानाला जमलं ते लोकशाहीला का जमू नये? पाऊस कमी म्हणून? दगड कमी म्हणून? नाही बाबा. शब्द दिला की काम झालं असं समजायची सरकारला सवय लागलीय म्हणून.

शेजारच्या अलिबाग तालुक्यात बघा. महानजवळचं सांबरकुंड धरण. १९८२ साली मान्यता मिळाली. तेव्हा जन्मलेलं पोर बाप झालं, त्याचं पोर कॉलेजात गेलं, धरण मात्र कागदावरच वाढत राहिलं. दोन आकड्यांतल्या कोटींचा खर्च तीन आकड्यांत गेला. दर निवडणुकीत धरण होणार. दर निवडणुकीनंतर फाईल वर गेलेली. ज्या आदिवासी वाड्या बुडायच्या त्यांच्यावर चाळीस वर्षं तलवार टांगलेली. घर दुरुस्त करावं का उद्या उठायचं म्हणून तसंच ठेवावं, हे त्यांना कुणी सांगेना.

पेणला जा. बाळगंगा धरण. पैसा सिडकोचा, पाणी नवी मुंबईला, जमीन पेणच्या माणसांची. २०१५ साली लाचलुचपत प्रतिबंधक खात्यानं या धरणाच्या कामात गुन्हा दाखल केला. त्याच वर्षी कर्जतच्या कोंढाण्याचाही. ठेकेदाराचं बिल कसं वेळेवर निघतं, आणि उठवल्या माणसाचं पुनर्वसन कसं ‘प्रगतिपथावर’ राहतं, हे ज्याला शिकायचंय त्यानं रायगडात यावं. आमच्या जिल्ह्यात कोयनेची माणसंही आणून टाकलीत. राज्याला वीज मिळाली, कारखाने चालले, मुंबईत दिवे लागले. कोयनेच्या माणसांना उठवलं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता. तो आला १९७६ साली. साठ वर्षं उलटून गेली तरी त्यांची नातवंडं जमिनीसाठी रस्त्यावर बसलेली आपण पाहिली.

कोकणातच असं आहे असं समजू नका. विदर्भात गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. अंदाज होता ३७२ कोटींचा. तो गेला १८ हजार कोटींच्या वर. पुढं केंद्रानं देशातले रखडलेले ९९ सिंचन प्रकल्प निवडले, त्यांतले २६ एकट्या महाराष्ट्राचे. सगळे डिसेंबर २०१९ पर्यंत पुरे करू म्हणाले. ती तारीख गेली. नवी तारीख आली. तारखा द्यायला सिमेंट लागत नाही.

आणि २०१२ आठवा. सरकारच्याच आर्थिक पाहणी अहवालात निघालं की दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्चून ओलिताचं क्षेत्र वाढलं जेमतेम ०.१ टक्का. आरडाओरडा झाला तसं त्याच वर्षी नोव्हेंबरात श्वेतपत्रिका काढून सांगितलं की नाही, ५.१७ टक्के वाढलं. एकाच सरकारची दोन पुस्तकं, दोन हिशेब. मग चितळे समिती. मग चौकश्या. एवढी वर्षं सभागृहात धरणांवर प्रश्न विचारले जात होते, मंत्री उत्तरं देत होते, आश्वासनं टिपली जात होती. मग हे सत्तर हजार कोटी त्या टिपणवहीतून निसटले कसे?

ते कसं निसटतं हे सांगतो. तीन महिने झाले की खातं मुदतवाढ मागतं. ती मिळते. पुन्हा मागतं, पुन्हा मिळते. लोकसभा विसर्जित होते, समिती नव्यानं बसते, मंत्री बदलतो, सचिव बदलतो. दिल्लीचा मंत्री म्हणतो, पाणी हा राज्याचा विषय, राज्याकडून माहिती मागवलीय. मुंबईचा मंत्री म्हणतो, केंद्राच्या वनखात्याची परवानगी यायचीय. चेंडू इकडून तिकडं. शेवटी खातं लिहून पाठवतं की सदर आश्वासन आता वगळण्यात यावं. समितीला पटलं की ते वगळलं जातं. म्हणजे उधारी फेडायची नाही, खातंच बंद करायचं. गावच्या सावकारानं आपल्याला कधी अशी सवलत दिलेली ऐकलीय? आणि समिती शिफारस करू शकते, सचिवाला बोलावून झापू शकते, पण शिक्षा करू शकत नाही. तिचे दात सभागृहाच्या मर्जीवर.

पण माझं भांडण याच्याही पुढचं आहे. समजा सगळी आश्वासनं उद्या पुरी झाली. सगळी धरणं भरली, सगळे कालवे वाहिले. मग आपल्याला काय? समिती विचारते धरण झालं का, खर्च किती, तारीख कोणती. पाणी कुणाच्या शेतात गेलं हे विचारत नाही. कालव्याचं पाणी सातबाऱ्याच्या मागं मागं जातं. ज्याच्या नावावर जमीन त्याला पाणी. आपल्या नावावर काय आहे? महारवतनं १९५८ च्या कायद्यानं गेली आणि त्या जमिनींचं पुढं काय झालं, कुणाच्या घशात गेल्या, हे आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. पुनर्वसनाचा हिशेबही सातबाऱ्यापासूनच सुरू होतो. धरणात गाव बुडतं तेव्हा पाटलाची शेती बुडते, तिची किंमत होते. आपल्या माणसाची मजुरी बुडते, तिला किंमत लावायला तलाठ्याच्या दप्तरात रकानाच नाही. वर धरणाची माती वाहायला तोच, आणि कालव्यावर ऊस तोडायलाही तोच.

पाण्याचा हक्क जमिनीला की माणसाला? हा प्रश्न हवेतला नाही. सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत चालवली. तिथं पाणी माणशी वाटलं आणि भूमिहीनालाही वाटा ठेवला. सांगली जिल्ह्यात तांदुळवाडीला लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तिथंही भूमिहीनाचा वाटा मान्य झाला. म्हणजे करता येतं. मग विधानसभेत एखाद्या मंत्र्यानं ‘भूमिहीनांना पाण्याचा वाटा देण्याचं तपासून पाहू’ एवढं तरी म्हटलंय का? त्याच्याकडून वदवून कोण घेणार? आपण तर विचारतच नाही.

इथं माझे काही साथी उखडतात. म्हणतात, अरे सभागृह म्हणजे त्यांचाच वाडा, समिती म्हणजे वाड्याची ओसरी. तिथं अर्ज-विनंत्या करत बसायला आपण काय कारकून? रस्त्यावरची लढाई सोडून तू आम्हाला कागद चिवडायला लावतोस.

या साथींना मी आमच्याच जिल्ह्यातल्या महाडला घेऊन जातो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांनी ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशानं चाललेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. हा सभागृहाचा शब्द. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं त्यावर आपलाही ठराव केला. चवदार तळं खुलं झालं. कुठं? कागदावर. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला की जी मंडळी अंमल करणार नाहीत त्यांचं अनुदान रोखा. तरी थेंब मिळाला नाही. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीनं त्या ठरावाची अंमलबजावणी केली. माझ्या मते या देशातली पहिली आश्वासन समिती ती. तिला ना खोली होती, ना खुर्ची. त्याच ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. म्हणजे आश्वासन वगळलं. तेव्हा बाबासाहेब काय म्हणाले, कागद गेला मरू दे? नाही. दावा लढवला, दहा वर्षं लढवला, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात जिंकला. पाय आणि कागद, दोन्ही. नुसता ठराव असता तर तळं कागदावर राहिलं असतं. नुसता मोर्चा असता तर त्यांनी दंगल म्हणून नोंद केली असती. मागं ठराव होता म्हणून तो हक्क ठरला.

हेच बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना दामोदर आणि हिराकुडच्या योजनांवर खपले. पूर अडवायचा, वीज काढायची, शेतीला पाणी द्यायचं, हे सगळं एका धरणातून कसं साधेल याचा विचार त्यांनी खात्यात बसून केला. धरण म्हणजे इंजिनियरचा विषय, आपला नव्हे, असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. नामांतराचंही आठवा. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि फलक बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधली साडेपंधरा वर्षं आपल्या लोकांनी घरं जाळून घेतली, रक्त दिलं. सभागृहाच्या शब्दाची वसुली कशी करावी लागते ते आपल्याइतकं या देशात कुणाला माहीत?

म्हणून पोरांनो, कामाला लागा. प्रत्येक तालुक्यात चार जण बसा. आपल्या भागातल्या धरणावर, पाणीयोजनेवर, पुनर्वसनावर सभागृहात आजवर काय काय विचारलं गेलं आणि मंत्री काय बोलला ते विधिमंडळाच्या कामकाजातून काढा. संसदेचं तर घरबसल्या वाचता येतं. कुठं ‘विचाराधीन’, कुठं ‘लवकरच’, ते लाल पेन्सिलीनं खुणवा. ते आश्वासन म्हणून नोंदलं का, पुरं झालं का, मुदतवाढ किती वेळा घेतली, वगळलं असेल तर कारण काय दिलं, हे २००५ च्या माहिती अधिकारात विचारा. राखीव जागेवरनं निवडून आलेल्या आपल्या आमदाराला गाठा. निळा फेटा बांधून जयंतीला येतो ना तो? त्याला सांगा, भाषण नको, प्रश्न विचार. बौद्धवाडीला कालव्याचा वाटा किती? प्रकल्पग्रस्तांत भूमिहीन किती, त्यांना दिलं काय? मंत्र्याच्या तोंडून उत्तर येऊ दे. ते टिपलं जाऊ दे. मग ती तारीख लिहा वाडीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर, आणि खाली तीन महिन्यांनंतरची तारीख. त्या तारखेला मोर्चा काढा. मग तुमच्या घोषणेला सरकारच्याच शब्दाचा आधार असेल, आणि लाठी उगारणाऱ्याला आधी तो कागद वाचावा लागेल.

आणि ज्या सभागृहांत हे शब्द दिले जातात त्यांच्याकडं आपल्या चार मागण्या आहेत. आश्वासन वगळायचं तर आधी ज्या गावाला ते दिलं त्या गावच्या ग्रामसभेला विचारा. मुदतवाढ दोनदाच. धरणाच्या प्रत्येक आश्वासनासमोर पाणी कुणाला आणि पुनर्वसन कुणाचं हे रकाने भरल्याशिवाय ते पुरं झालं असं धरू नका. आणि भूमिहीनाचा पाण्यातला वाटा कायद्यात घाला.

यावर मंत्रिमहोदय म्हणतील, तपासून पाहू.

म्हणू दे. तारीख तेवढी लिहून ठेवा.

जय भीम.