पाच वाजता आलेला माणूस

पुण्याच्या मार्केट यार्डाचा रविवार आणि आमच्या घरचा रविवार यांचा मेळ घालणं सोपं नाही. यार्डातल्या फळं-भाजीपाला विभागाची सुटी शनिवारी असते, आणि रविवारी आठवड्यातली सगळ्यात मोठी आवक. शनिवारी रात्री जेवणं आटोपून मी संडे स्कूलचा धडा वाचायला बसते, तेव्हा खाली टेम्पो लागायला सुरुवात झालेली असते. सकाळी आम्ही उपासनेला निघतो तोवर पालेभाजीचा बाजार निम्मा उरकलेला असतो. कोथिंबिरीच्या जुड्यांतून पाणी ठिबकत असतं, हमालांच्या पाठीवरचं गोणपाट ओलं झालेलं असतं. हातगाड्यांमधून वाट काढत आमची स्कूटर सेव्हन लव्हज चौकात पोचते आणि मग कुठे रस्ता मोकळा मिळतो. सासूबाई रिक्षानं पुढे गेलेल्या असतात. ओळखीचा हमाल दिसला की त्या रिक्षातूनच जुन्या नगरी ख्रिस्ती रिवाजानं हात कपाळाला लावून ‘सलाम’ म्हणतात, आणि समोरून ‘राम राम आजी’ येतं.

गुरुवार पेठेतलं आमचं पवित्र नाम देवालय १८८५ सालचं. पुणेकर त्याला पंचहौद म्हणून ओळखतात, आणि इतिहासाची आवड असलेल्यांना १८९० सालचा तिथला चहा आठवतो. टिळक, रानडे यांच्यासह बरीच मंडळी मिशनमध्ये जमली होती, समोर चहा आला, काहींनी तो घेतला, आणि त्यावरून गावात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहून गोष्ट थेट प्रायश्चित्तापर्यंत गेली. मी सातवीला इतिहास शिकवते. हा प्रसंग सांगितला की मुलं गोंधळून जातात, एका कपाचं एवढं काय, असं विचारतात. मला त्यांचा हा गोंधळ फार आवडतो. आमच्या जिन्यावर दिवाळीत शेजारच्या घरांतून फराळाची ताटं येतात आणि नाताळात आमच्याकडून करंज्या, शंकरपाळ्या, केक भरून परत जातात. माझे यजमान भुसार विभागातल्या एका पेढीवर वर्षानुवर्षं दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीचं पहिलं पान शेटजी यांच्याच अक्षरात लिहवून घ्यायचे, अक्षर सुंदर म्हणून. ख्रिस्ती माणसानं लिहिलं म्हणून पेढीवर कधी कुणी नाक मुरडलं नाही, आणि त्या रात्री घरच्या प्रार्थनेत पेढीच्या बरकतीसाठी मागणं मागायला हेही विसरले नाहीत.

पण आज लिहायचंय ते संडे स्कूलमधल्या एका धड्याबद्दल. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूनं एक दाखला सांगितला आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो, दिवसाची मजुरी एक दिनार ठरवून गडी आणतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला जातो तरी काही माणसं उभीच असतात. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. दिवस मावळल्यावर हिशेब होतो तेव्हा पाचला आलेल्याच्या हातावरही पूर्ण दिनार. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. धनी म्हणतो, तुमचं ठरलं ते तुम्हाला मिळालं, मी भला वागलो तर तुम्हाला का खुपावं?

मी गोष्ट संपवली आणि वर्गात एकच गलका झाला. ‘‘टीचर, हे चीटिंग आहे.’’ एका मुलीनं तर दुसऱ्या दिवशी सगळे गडी पाचलाच येतील, असं बजावलं. मी त्यांना गप्प केलं नाही. ही मुलं यार्डाच्या आसपास वाढलेली आहेत. हमाली, तोलाई, वाराई हे शब्द त्यांना पाढ्यांच्या आधी येतात. धनी म्हणजे देव, दिनार म्हणजे त्याची कृपा, असा सरळ अर्थ मी सांगितला. मुलांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तळमजल्यावरचे मामा पेपर परत द्यायला वर आले. मामा निवृत्त हमाल. गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकवत नाहीत. भुसार बाजार नाना-भवानी पेठेत होता तेव्हापासून त्यांनी पोती वाहिली. मी मुलांची तक्रार त्यांना सांगितली. ते बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, ‘‘बाई, पाच वाजता नाक्यावर उभा असलेला माणूस आळशी नसतो. आळशी असता तर बाराला घरी गेला असता.’’

मग ते बराच वेळ बोलत राहिले. नाक्यावर आधी उचलले जातात ते धट्टेकट्टे. मग मधले. उरतो तो म्हातारा, नाहीतर पाठ गेलेला, नाहीतर नवा आलेला, ज्याला मुकादम ओळखत नाही, नाहीतर ज्याची जात विचारून नको म्हटलं तो. तो घरी जात नाही, कारण रिकाम्या हातानं जाऊन सांगणार काय? चूल तर सगळ्यांच्या घरी सारखीच पेटायची असते.

इतकी वर्षं मी हा दाखला वाचत आले, अनेक प्रवचनं ऐकली. दाखल्यातच आहे की धनी त्या माणसांना विचारतो, दिवसभर इथे का उभे राहिलात, आणि ती सांगतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. हे वाक्य माझ्या नजरेखालून कितीदा तरी गेलं असेल. मामांनी बायबल उघडलेलं नाही, पण त्या वाक्याच्या आतला माणूस त्यांना माहीत होता. दिनार ही एका मजुराच्या एका दिवसाची मजुरी होती. पाचला आलेल्याला तासाचे पैसे दिले असते तर हिशेब चोख झाला असता आणि पोरं उपाशी निजली असती.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि आपल्या आजीचं सांगू लागल्या. आजी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंच्या माणसांबरोबर आलेली पोर. केडगावच्या मुक्तिसदनात वाढली. गाव कुठलं, आईबापांचं नाव काय, तिला धड सांगता यायचं नाही. तिथे ती शिकली, आणि मग छापखान्यात खिळे जुळवायला लागली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते केडगावच्याच छापखान्यात मुलींनी आणि बायकांनी जुळवलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. शिशाचे खिळे उलटे असतात, ओळ उजवीकडून डावीकडे दिसते. आजीला म्हणे म्हातारपणी सरळ छापील पान वाचायला वेळ लागायचा, पण समोर कुणी वाचत बसलं असलं की पलीकडून उलटं पान घडाघड वाचायची. सासूबाईंनी हे सांगताना बोटांनी चिमूट करून खिळा उचलून दाखवला, तसा आजीनं त्यांना लहानपणी दाखवला होता. तिच्या जन्मगावात त्या दुष्काळाच्या वर्षी तिला कुणीही कशालाही बोलावणार नव्हतं.

शाळेच्या इतिहासाकडेही मी आता असंच बघते. नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेहून हिंदुस्थानात आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. माझे आजोबा नगर जिल्ह्यात मिशनचे मास्तर होते, आठवडाभर शाळा आणि रविवारी त्याच खोलीत उपासना. त्यांच्यासमोर बसणाऱ्या पोरांच्या आधीच्या किती पिढ्या नाक्यावर उभ्या होत्या!

मामा मात्र दाखल्यावर पूर्ण खूश नव्हते. जिना उतरता उतरता थांबले आणि विचारलं, ‘‘पण बाई, दुसऱ्या दिवशी काय झालं? धनी भला, कबूल. त्याच्या मनात नसतं तर?’’

हा प्रश्न त्यांच्या आयुष्यातून आलेला आहे. ते कामाला लागले तेव्हा हमालीचा दर मालकाच्या तोंडी असायचा. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढावांनी हमालांना एकत्र केलं, हमाल पंचायत उभी राहिली. पुढे १९६९ चा माथाडी कायदा आला, मंडळं झाली. मालकानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती राबणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात पोटभर जेवायला मिळावं म्हणून. मामांच्या कपाटात मंडळाची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली आहेत. मी पाहिली आहेत. सासूबाईंचं बायबल जसं असतं, तशीच जपलेली.

मला मामांचं म्हणणं शंभर टक्के मान्य आहे. मजुरी ही कुणाच्या भलेपणावर सोडायची गोष्ट नव्हे. दाखल्यातला धनी देव आहे, त्याच्या मनाचा भरवसा मी धरू शकते. गाळ्यावरच्या धन्याचा दर मला लेखी हवा. चर्चमध्ये आपण कृपेबद्दल इतकं बोलतो की हक्काचं बोलायचं राहून जातं, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. उलट कायद्याच्या रजिस्टरात ज्याचं नावच चढलेलं नाही, तो आजही नाक्यावर पाचपर्यंत उभा असतो. त्याच्यासाठी मला तो दाखला हवा.

आमच्या घरातही हा हिशेब आहे. माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक आहे. पहिली तीन वर्षं मानधनाची. २०२३ पासून प्राथमिकला ते महिना १६,००० रुपये झालं, त्याआधी तर ६,००० होतं. शेजारच्या वर्गातल्या बाईंइतकीच मुलं, तोच पोषण आहार, तीच ऑनलाइन माहिती भरणं. इथे पाचला आलेला नाही, पहाटेच आलेला माणूस अर्ध्याहून कमी घेऊन घरी जातो, फक्त तो यंदा आला म्हणून. नाताळच्या सुटीत ती आली की आम्ही दोघी एकाच टेबलावर पेपर तपासत बसतो. माझा पगार आणि तिचं मानधन तेव्हा माझ्या डोक्यातून जात नाही. रात्रीच्या प्रार्थनेत मी हे देवापुढे मांडते, आणि सकाळी शिक्षक संघटनेच्या निवेदनावर सहीही करते. दोन्हींत मला विरोध दिसत नाही.

आणि माझ्या वर्गात? गेल्या वर्षी सातवीत एक मुलगा आला. आई यार्डात मिरची निवडते, वडील गावाकडे. अधल्यामधल्या तीन शाळा झालेल्या. यार्डात भाव दहा किलोंवर सांगतात. हा मुलगा २२० चा भाव असेल तर ३७ किलोंचे ८१४ रुपये बोटांवर न मोजता सांगायचा. पण तेच उदाहरण पुस्तकात आलं की गप्प, कारण प्रश्न वाचता यायचा नाही. जोडाक्षर आलं की ओठ घट्ट मिटायचे. शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवून घेऊ लागले. पुस्तक बाजूला ठेवलं आणि आईला शेजारणीनं दिलेली शेतमालाची जुनी हिशेबपट्टी मागवली. ‘अडत’, ‘तोलाई’, ‘निव्वळ रक्कम’. ‘निव्वळ’मधला अर्धा व त्यानं पहिल्यांदा स्वतःहून ओळखला, आणि मान वर न करता पुढच्या ओळीला लागला.

वर्गातल्या एका हुशार मुलीची आई मला भेटायला आली. आमच्या मुलीकडे बाईंचं लक्ष कमी झालंय, म्हणाली. मी तिचं म्हणणं झटकलं नाही. पहाटे आलेल्या गड्यांची कुरकुर मलाही कळते. माझ्या स्वतःच्या मुलीनं ती लहानपणी अनेकदा केली आहे. आता ती बेंगळुरूला नोकरी करते, आणि फोनवर पहिला प्रश्न विचारते, ‘‘आई, सध्या उशिरापर्यंत कोणाला थांबवलंयस?’’ त्या आईला मी एवढंच सांगितलं की तुमच्या मुलीचं ठरलेलं काही कमी होणार नाही, आणि ते होऊ नये म्हणून मी वेळापत्रक बदललं. तिचं समाधान पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही. आमचं बोलणं अजून चालू आहे.

संडे स्कूलच्या मुलांना दाखला पुन्हा सांगायचा आहे. मी मामांना गळ घातली की तुम्हीच या. आधी नको म्हणाले, मग तयार झाले. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर ते पंचहौदला येतील, जुना आकडा घेऊन. पोत्याला तो कसा लावतात आणि पाठीवर घेताना कंबर कुठे वाकवायची, ते मुलांना करून दाखवणार आहेत. पाळकसाहेबांना मी विचारलं, त्यांनी आनंदानं होकार दिला आणि स्वतः बसणार म्हणाले. मामांना आता एकच ठरवून हवंय: मुलांनी दुसऱ्या दिवसाचं विचारलं, तर उत्तर त्यांनी द्यायचं की मी.