सातूची व्होडका आणि संत्र्याचं सरबत

या आठवड्यात एका स्नेह्यांकडे फिनलंडची व्होडका पुढ्यात आली, आणि लेबल वाचायच्या माझ्या जुन्या खोडीनं उचल खाल्ली. बार्लीची, म्हणजे आपल्या सातूची व्होडका. तीही कणसात दाण्यांच्या सहा रांगा असलेल्या सातूची. बिअरवाल्यांचा जीव सहसा दोन रांगांच्या सातूवर; पण फिनलंडचा उन्हाळा इतका तोकडा, की लवकर पिकेल ते पीक खरं. तिकडे कोस्केनकोर्वा गावच्या भट्टीत (भट्टी कसली, अवाढव्य कारखानाच तो) दाणे सोलून दळतात, पीठ पाण्यात शिजवतात, एन्झाइम घालून स्टार्चची साखर करतात, मग यीस्ट कामाला लागतं. टरफलं जाळून वाफ मिळते, चोथा गुरांना. पुढे उंच मनोऱ्यांतून ऊर्ध्वपातन करून मद्यार्क ९६ टक्क्यांवर न्यायचा आणि पाणी घालून पुन्हा चाळिसाच्या आसपास आणायचा. एवढ्या सोवळ्यातून सातूचं उरतं काय? थोडंच, पण उरतं. राय या धान्याची व्होडका जिभेवर चुरचुरते, बटाट्याची दाटसर लागते. सातूची हलकी, किंचित गोडसर. युरोपीय संघात २००८च्या नियमापासून धान्य-बटाट्याखेरीज दुसऱ्या कशाची व्होडका केली, तर तसं बाटलीवर छापावं लागतं. आपल्याकडे कितीतरी मद्यं मळीच्या स्पिरिटवर उभी असतात. इथेही तो मजकूर ठळक अक्षरांत सक्तीचा हवा. आणि सातूची व्होडका संत्र्याच्या सरबतात बुडवणाऱ्यांनी खुशाल मळीचीच घ्यावी, पैसे तरी वाचतील.