कोरी जागा म्हणजे नकार नव्हे

पत्र हिंदीत होतं, तीन ओळींचं. अर्थ असा : तुमच्या सेवा-अभिलेखात या पदकांची नोंद आढळत नाही. पुरावा असेल तर सादर करा. नसेल तर प्रकरण बंद समजा.

पत्र मोठेबाबांच्या नावानं धानोऱ्याला आलं होतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. १९८१ साली फौजेत भरती झाले, २००१ साली घरी परतले. वीस वर्षं आणि दोन महिने. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. आता मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यामुळे घरातला कुठलाही कागद अडला की तो माझ्याकडे येतो. ‘तुले कम्प्युटर येते नं बाबू,’ एवढी एकच पात्रता.

त्यांचं मागणं साधं होतं. तीन पदकं नोंदीत नाहीत, ती नोंदवावीत. एक, श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर होते त्याचं विशेष सेवा पदक. दुसरं, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं. तिसरं, वीस वर्षांच्या दीर्घ सेवेचं. यांतलं एकही शौर्यपदक नाही. शौर्यपदकासाठी कुणीतरी शिफारस करावी लागते, कुणीतरी ती वाचावी लागते, मग राजपत्रात नाव येतं. त्यावर मतभेद होऊ शकतो. ही तिन्ही पदकं मात्र हजेरीची आहेत. अमुक काळात अमुक ठिकाणी होतात, किंवा अमुक तारखेला सेवेत होतात, तर ती तुमची. यात मताचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे.

आणि हिशेबाचे सगळे आकडे कार्यालयाकडेच आहेत. पन्नासाव्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९९७ रोजी सेवेत असलेल्यांसाठी होतं. मोठेबाबांची भरतीची तारीख आणि निवृत्तीची तारीख त्याच अभिलेखात, त्याच कार्यालयाच्या शिक्क्यानिशी आहे. १९८१ आणि २००१ यांच्या मध्ये १९९७ येतं, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. वीस वर्षं पूर्ण झाली की नाही, हे एका वजाबाकीत कळतं. वर्तणुकीची शंका असेल तर डिस्चार्ज बुकात त्यांच्या चारित्र्यापुढे सर्वोच्च शेरा आहे. श्रीलंकेचं म्हणाल, तर शांतिसेना जुलै १९८७ मध्ये गेली आणि मार्च १९९० मध्ये परतली. कोणती पलटण कधी कुठे होती हे सैन्याला माहीत आहे आणि मोठेबाबा कोणत्या पलटणीत होते हेही. दोन तक्ते जोडायचे आहेत. माझ्या कामात हे पहिल्या महिन्यात शिकवतात.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट शिकवतात. तक्त्यातल्या एखाद्या रकान्यात शून्य असणं वेगळं आणि तो रकाना कोरा असणं वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. कोरं म्हणजे कुणी मोजलंच नाही. कोऱ्याला शून्य समजून पुढे गेलात तर सगळा हिशेब चुकतो, आणि चूक मोजणी न करणाऱ्याच्या नव्हे, भलत्याच माणसाच्या खात्यावर पडते. ‘नोंद आढळत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आम्ही लिहिलं नाही’ असा आहे. पत्रात मात्र तो ‘तुम्हाला मिळालं नाही’ असा वापरला आहे. माझं सगळं भांडण या एका अदलाबदलीशी आहे.

नोंद कशी होते, हे मोठेबाबांनीच समजावलं. जवानाच्या बाबतीत काहीही घडलं, लग्न, मूल, बदली, पदक, की पलटणीकडून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते. ती रेकॉर्ड ऑफिसला पोचते आणि तिथे त्याच्या कागदावर चढवली जाते. या साखळीत जवान कुठेच नाही. तो ऑर्डर काढत नाही, पाठवत नाही, चढवत नाही. श्रीलंकेहून परतल्यावर मोठेबाबांची बदली झाली, पलटण एकीकडे आणि ते दुसरीकडे. तेव्हा एखादा कागद निघाला नसेल, किंवा निघून पोचला नसेल. ज्या साखळीत त्याला हात लावायची मुभा नव्हती, तिची तुटलेली कडी आज त्यानं शोधून आणायची?

पदकं त्यांच्या छातीवर मात्र होती. फौजेत अनेकांनी केलं तेच त्यांनी केलं. सरकारी पदक हातात पडायला वर्षं लागतात म्हणून छावणीबाहेरच्या दुकानातून विकत घेतली. २६ जानेवारी १९९९ च्या परेडचा एक फोटो आहे. त्यात त्यांच्या छातीवर श्रीलंकेचं आणि पन्नासाव्या वर्षाचं पदक स्पष्ट दिसतं. शेजारी अधिकारी उभे आहेत. हक्क नसलेलं पदक लावून जवान परेडला उभा राहिला असता, तर त्याच दिवशी त्याच्यावर कारवाई झाली असती. फोटो अर्जाला जोडला होता. पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

माझा फोन झाला तेव्हा पलीकडच्या माणसानं विचारलं, ‘इतनी साल क्या कर रहे थे?’ प्रश्न रास्त वाटतो. उत्तर समजायला धानोरा माहीत असावं लागतं.

तो परेडचा फोटो आमच्या घरी समोरच्या भिंतीवर होता. २००९ साली मोठेबाबांनी तो उतरवून ट्रंकेत ठेवला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला आमच्याच तालुक्यात मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोट्याजवळ १६, त्यांत पाच महिला. तीन वर्षांनी पुस्टोल्याजवळ सुरुंगस्फोटात सीआरपीएफचे १२ जवान गेले. त्या काळात वर्दीशी नातं असलेला माणूस खबऱ्या ठरू शकत होता, आणि जंगलातल्या गावाशी नातं असलेला माणूस पोलिसांना संशयित वाटू शकत होता. अशा गावात निवृत्त फौजी काय करतो? गप्प बसतो. दिल्लीतला निवृत्त माणूस कॉलनीच्या पाटीवर हुद्दा लिहितो, धानोऱ्यातला हुद्दा ट्रंकेत ठेवतो. पदकासाठी तालुक्याच्या पोस्टातून रजिस्टर पत्रं पाठवणं त्याला सुचणारही नाही. आणि वातावरण निवळल्यावर त्यानं तोंड उघडलं, तर त्याचं गप्प बसणंच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतं.

पत्त्याचाही घोळ झाला. पहिला अर्ज पत्ता जुळत नाही म्हणून परत आला. नोंदीत ‘जिल्हा चंद्रपूर’ आणि अर्जावर ‘जिल्हा गडचिरोली’. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, मोठेबाबा त्याआधी भरती झाले. माणूस तिथेच, घर तिथेच, सरकारनंच जिल्हा बदलला. तेही सिद्ध करायचं आम्हीच.

आता कुणी म्हणेल, पुराव्याशिवाय सरकार चालेल कसं? याचं उत्तर धानोऱ्यात तीन किलोमीटरवर आहे. मेंढा-लेखा. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर, २००९ साली. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत सरकारनं ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं मान्य केलं आहे. पण माझ्या मते त्याहून मोठी कबुली नियमांत आहे. पुराव्यांच्या यादीत, दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिगत हाही पुरावा धरला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं तर बजावलं, की अमुक एकच कागद आणा असा आग्रह समित्यांनी धरू नये. का? कारण जंगलातल्या माणसाकडे कागद नसण्याला तो माणूस जबाबदार नाही, कागद ठेवणारी व्यवस्था जबाबदार आहे. अंमलबजावणीत हजार खोड्या आहेत, दावे आजही फेटाळले जातात, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. पण तत्त्व कायद्यात उतरलं. ज्या तालुक्यात म्हाताऱ्याच्या शब्दावर जमिनीचा हक्क विचारात घेता येतो, तिथल्या म्हाताऱ्या जवानाच्या सोबत्यांचा शब्द एका पदकासाठी का चालू नये?

खोटे दावे येतील, हा आक्षेप मला मान्य आहे. येतील. ते पकडण्याचं साधन कुणाकडे आहे? पलटणीची दैनंदिनी, पगारपत्रकं, बदल्यांच्या याद्या, सगळं कार्यालयाकडे. खोट्याच्या भीतीनं पडताळणी वाढवावी. इथे पडताळणी न करताच खऱ्याला परत पाठवलं जातं.

अमेरिकेत सेंट लुईसच्या सैनिकी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली. १ कोटी ६० लाखांहून जास्त फायली जळाल्या. त्यानंतर तिथल्या कार्यालयानं पगाराच्या पावत्या, इस्पितळांच्या याद्या, तुकड्यांचे रोजचे अहवाल यांवरून नोंदी पुन्हा उभ्या करण्याचं काम हाती घेतलं. तिथल्या सैनिकांनाही खेटे चुकले नाहीत. पण कागद जळाला तर तो पुन्हा उभा करणं हे कार्यालयाचं काम, एवढं तरी मान्य झालं. आमच्याकडे तर आगही लागलेली नाही.

‘पदकानं पोट भरतं का, पेन्शनचं बघा’ असंही घरातल्याच लोकांनी ऐकवलं. कागद तोच असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. ज्या निष्काळजीपणानं पदक सुटतं, त्याच निष्काळजीपणानं बायकोचं नाव चुकतं, आणि नवरा गेल्यावर तिची फॅमिली पेन्शन अडते. आता सगळं संगणकावर चाललंय, तेव्हा सुधारेल, असा भाबडा समज माझ्याच व्यवसायातले लोक पसरवतात. कोरा रकाना स्कॅन केला तरी तो कोराच राहतो. उलट पडद्यावर आल्यावर तो जास्त अधिकृत दिसतो.

सांगलीचे मुरलीकांत पेटकर आठवा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला जवान. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक. १९८२ साली अर्जुन पुरस्कार मागितला, नाकारला गेला. २०१८ साली पद्मश्री. २०२४ साली त्यांच्यावर सिनेमा आला आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कार हातात पडला. ऐंशीच्या घरात. १९८२ आणि २०२५ यांच्या मध्ये कोणता नवा पुरावा सापडला? हायडेलबर्गच्या तलावातली वेळ तीच होती. बदलली ती प्रसिद्धी. प्रत्येक जवानावर सिनेमा निघत नाही, म्हणून नियम हवा.

नियम अवघड नाही. हजेरीची पदकं कार्यालयानं स्वतः हिशेब करून द्यावीत, अर्जाची वाट पाहू नये. नोंद नसेल तर ‘माहिती नाही’ असं लिहावं आणि शोध स्वतः घ्यावा. दोन सोबत्यांचं प्रतिज्ञापत्र, जुना फोटो, हे पुरावे विचारात घ्यावेत आणि नाकारायचे तर कारण लिहून, मुदतीत नाकारावेत.

मुदत यासाठी, की श्रीलंकेत मोठेबाबांबरोबर असलेले दोन सोबती साक्ष द्यायला तयार होते. त्यांतले एक गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं राहून गेलं.

मी मोठेबाबांना एकदा विचारलं, एवढं कशासाठी? ते म्हणाले, ‘मले पैसे नाई पायजे. मी तिथं होतो, एवढं लिवून पायजे.’

दुसरा अर्ज मागच्या आठवड्यात धानोऱ्याच्या पोस्टातून गेला. पुरावा म्हणून त्याच कार्यालयानं २००१ साली दिलेल्या डिस्चार्ज बुकाची प्रत जोडली आहे. भरतीची आणि निवृत्तीची तारीख लाल शाईनं अधोरेखित केली आहे. खाली एकच प्रश्न विचारला आहे : या दोन तारखांच्या मध्ये १५ ऑगस्ट १९९७ येतो की नाही, एवढं कळवावं.