पटावर न दिसणारी माणसं



गेल्या बैठकीनंतर चहा घेताना आपल्यातल्याच एका ज्येष्ठ सदस्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू युद्धविरोधी पत्रकांवर सह्या करतोस आणि रविवारी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया लावत बसतोस म्हणे. हे कसं काय जमतं तुला?" प्रश्न अर्धा चेष्टेचा होता. तरी मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

आधी या खेळाविषयी थोडं. मोठ्या टेबलावर हिरवं कापड, त्यावर पुठ्ठ्याची घरं आणि नकली झाडं, आणि बोटाच्या पेराएवढे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक. प्रत्येक सैनिक हातानं रंगवलेला. मोजपट्टीनं अंतर मोजून पलटणी पुढे सरकवायच्या आणि गोळीबाराचा परिणाम फासे टाकून ठरवायचा. अठराव्या शतकातल्या युरोपीय लढाया खेळणारे आम्ही लोक जरा जास्तच वेडे. यंग आणि लॉफर्ड यांचं 'चार्ज!' (१९६७) आणि चार्ल्स ग्रँट यांचं 'द वॉर गेम' (१९७१) ही आमची धर्मपुस्तकं. चार-सहा सैनिकांना पलटण म्हणणं त्यांना मंजूर नाही. पलटण कशी भरगच्च हवी, चालून येताना डोळ्यांत भरली पाहिजे! माझ्याकडे अकरा वर्षांत रंगवलेले सुमारे ९०० सैनिक आहेत. बायकोच्या मते हा आजार आहे.

असे खेळ खेळून माणूस युद्धखोर होतो, हे मला पटत नाही. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहिलं. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, असाच त्यांचा युक्तिवाद होता. दुसऱ्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, पण तो दोष काही वेल्स यांच्या खेळण्यांचा नव्हे. उलट आपला उत्तम बेत दोन फाशांत कसा मातीत जातो, हे या टेबलावर वारंवार दिसतं. युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांना हा अनुभव सक्तीचा करावा, असं मला २००३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या मोर्चात चालताना वाटलं होतं आणि आजही वाटतं.

माझी अडचण वेगळी आहे. माझा पोटापाण्याचा धंदा संशोधनाचा. कोणतंही मॉडेल समोर आलं की त्यात काय घेतलंय यापेक्षा काय वगळलंय हे आधी बघायचं, ही आमची सवय. ती सवय मी रविवारी मात्र गुंडाळून ठेवत होतो.

मध्यंतरी आम्ही झोर्नडॉर्फची लढाई खेळलो. २५ ऑगस्ट १७५८, प्रशियाचा फ्रेडरिक विरुद्ध रशिया. आमच्या प्रमाणात एक बाहुली म्हणजे २० माणसं. खेळ संपल्यावर मी सहज हिशेब केला. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ३०,००० सैनिक मेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती लागले. म्हणजे १,५०० बाहुल्या. माझ्या कपाटात तेवढे सैनिकच नाहीत! अकरा वर्षांचं माझं सगळं रंगकाम त्या एका दिवसाला पुरलं नसतं.

हे झालं सैनिकांचं. लढाईच्या दहा दिवस आधी रशियन तोफांनी जवळचं क्युस्ट्रिन गाव जाळून टाकलं होतं. आमच्या नियमांत घर म्हणजे फक्त आडोसा. आत शिरलेल्या पलटणीला कमी गोळ्या लागतात, एवढंच. घरात कोण राहत होतं, हा प्रश्नच नाही. फ्रेडरिकनं १७५६ साली पिर्ना इथे शरण आलेल्या सॅक्सन सैनिकांना जबरदस्तीनं आपल्या फौजेत घातलं आणि त्यांतले पुष्कळ पुढे पळून गेले. माझे सैनिक कधी पळून जात नाहीत. संध्याकाळी सगळे निमूटपणे डब्यात परत येतात, 'मेलेले' सुद्धा.

क्लबातल्या एका मित्रानं मग सुचवलं, "तुमची पानिपतची लढाई लावू या." कल्पना झकास होती. काळ तोच, १४ जानेवारी १७६१. इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ तर फ्रेंच पद्धतीनंच तयार झालेलं. यादी करायला बसलो. हुजुरात, गारदी, होळकर, शिंदे, तोफा. आणि मग अडलो. बुणग्यांचं काय करायचं? यात्रेकरू, बायका, मुलं, दुकानदार, नोकरचाकर? मित्र म्हणाला, "एक बैलगाडी ठेव की कोपऱ्यात. नियमात तेवढंच आहे."

तेव्हा मला त्याचा राग आला. घरी येताना वाटलं, आपण तरी दुसरं काय केलंय? पानिपतावर आपण अडीचशे वर्षं बोलतो आहोत. पण त्या माणसांचा उल्लेख बहुतेक वेळा येतो तो 'बुणग्यांमुळे हरलो' या वाक्यात. लढाईनंतर कत्तल झालेल्या आणि गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या माणसांसाठी आपल्याकडे शब्द उरला तो 'बाजारबुणगे', आणि तोही शिवीसारखा. निदान इंग्रजांच्या खेळात ते नुसते वगळलेत, आपण तर त्यांच्यावर खापर फोडलं.

तर माझं उत्तर असं. खेळ मी सोडणार नाही. पण आमच्या टेबलावर दोन नियम मी वाढवले आहेत. पडलेले सैनिक खेळ संपेपर्यंत पडले त्याच जागी आडवे ठेवायचे आणि शेवटी त्यांना २० नं गुणून आकडा मोठ्यानं वाचायचा. आणि घर जळलं तर जाळणाऱ्याचे गुण कापायचे, मग तो लढाई जिंको वा हरो. मित्र कुरकुरतात, खेळ लांबतो म्हणतात. एकदा तर जिंकलेला गडी गुणांवर हरला आणि रुसून बसला. यानं जगातलं एकही युद्ध थांबणार नाही, हे मला कळतं. पण हिशेब तरी खरा होतो.

पानिपतसाठी सध्या बुणगे रंगवतो आहे. तयार बाहुल्यांत पोरं कडेवर घेतलेल्या बायका सहजी मिळत नाहीत, म्हणून काही स्वतःच घडवल्या. शंभरेक झाल्या की टेबल मांडीन. ज्येष्ठ सदस्यांना आग्रहाचं आमंत्रण आहे. फासे त्यांनीच टाकावेत.