पाचवा गिअर आणि माळव्यातला मिस्त्री

धार-देवास म्हटले की आपल्या गोमंतकीय वाचकाला पवारांची संस्थाने आठवतात, राजा भोज आठवतो, आणि अर्थातच कुमार गंधर्व. योग्यच आहे. पण याच धार जिल्ह्यात पिथमपूर आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८०च्या दशकात तिथे कारखाना काढला. हिंदुस्थान मोटर्सनेही जपानच्या इसुझूच्या तंत्राने तिथेच इंजिने आणि गिअरबॉक्स बनवायला घेतले. पुढे १९९०च्या दशकाच्या आरंभी ॲम्बेसेडरला इसुझूचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले.

आता मुद्दा असा. जुन्याच सांगाड्यात कंपनीने चाराच्या जागी पाच गिअर घातले तर ते 'नवे मॉडेल'. तेच काम एखाद्या मिस्त्रीने जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीप पिकअपवर केले, की आपण नाक मुरडून 'जुगाड' म्हणतो. मला हा न्याय पटत नाही.

गरज खरी आहे. माळव्याची काळी माती पावसात चिकट होते, तिथे चारही चाकांना ओढ लागते. पण तीच गाडी आग्रा-मुंबई हमरस्त्यावर आली की चौथ्या गिअरात इंजिन नुसते ओरडते. पाचव्याचे गुणोत्तर ०.८५ असेल, तर जिथे इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेई तिथे त्याच वेगाला २,०४० घेते. आवाज कमी, झीज कमी.

आणि काम सोपे नाही. फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो. तो एकाच इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देतो. (देवासात एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदल्या, तसेच म्हणा ना!) पाच गिअरचा बॉक्स बहुधा लांब असतो. त्यामुळे ट्रान्सफर केस मागे सरकतो. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करायचा, पुढचा लांबवायचा, खालचा क्रॉस मेंबर हलवायचा. बेल हाउसिंग, क्लच प्लेटचे दाते, पायलट बेअरिंग, सगळे जुळले पाहिजे. शाफ्ट बॅलन्स केला नाही तर गाडी थरथरते. ही विद्याच आहे. फक्त तिला प्रमाणपत्र नाही.

आम्हा सरकारी कारकुनांना कागदावरून माणूस ओळखायची सवय, म्हणून कागदाचेही बोलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आर.सी.तला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितले. पण आर.सी.त इंजिन क्रमांक असतो, चॅसी क्रमांक असतो. गिअरबॉक्सला रकानाच नाही! मग चांगले काम आणि वाईट काम, दोन्ही सारखीच अदृश्य राहतात.

सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. धार जिल्ह्यातला गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. आपला चोर्ला घाटही काही सपाट नाही. उतारावर खालचा गिअरच गाडी धरून ठेवतो. तिथे गिअर निसटला तर संपलेच. म्हणूनच म्हणतो, डोळेझाक नको आणि सरसकट बंदीही नको. गाडी तपासा, उतारावर चालवून पाहा, आर.सी.वर नोंद करा, आणि नोंदीखाली काम करणाऱ्या मिस्त्रीचे नाव लिहा. नाव लिहावे लागले की हात आपोआप जपून चालतो. आणि ज्याचा हात मुळातच चांगला आहे, त्याला निदान एका सरकारी कागदावर तरी जागा मिळेल.